शंकूची दंतकथा: रायफलीच्या तोंडावरचे लोखंड आणि धक्क्याचा हिशेब

#धागा #इतिहास #शस्त्रविद्या

१/ इतिहासप्रेमींच्या समूहांत एक छायाचित्र वारंवार फिरत असते. आखूड, देखणी ली-एनफिल्ड रायफल. नळीच्या टोकाला नरसाळ्यासारखा शंकू. दस्त्याच्या बुडाला रबराची गादी. खाली साधारण या आशयाचा मथळा असतो: ही ‘जंगल कार्बाइन’, हिने ब्रह्मदेशाची लढाई जिंकून दिली, तोंडावरच्या शंकूमुळे हिचा धक्का कमी बसे. एका मथळ्यात तीन विधाने आहेत आणि तिन्ही चुकीची आहेत. पहिल्या दोन चुका समजुतीच्या आहेत, लगेच दुरुस्त होतात. तिसरी चूक मात्र विचारपद्धतीची आहे, आणि ती या एका रायफलीपुरती मर्यादित नाही.

२/ प्रथम नाव. ब्रिटिश लष्कराच्या कागदोपत्री या शस्त्राचे नाव ‘रायफल नंबर ५ मार्क १’ असे होते. ‘जंगल कार्बाइन’ हे बोलीतले नाव. युद्धानंतर अमेरिकेत जुन्या लष्करी शस्त्रांचा व्यापार फोफावला, तेव्हा विक्रेत्यांना हे नाव फार सोयीचे वाटले. नावात जंगल आले, जंगलाबरोबर साहस आले आणि साहसाबरोबर गिऱ्हाईक आले. जाहिरातीत रुळलेला शब्द पुढे इतिहासाचा पुरावा म्हणून वापरला जाऊ लागला, आणि गोंधळाची सुरुवात तिथेच झाली.

३/ दुसरे विधान ब्रह्मदेशाचे. नंबर ५ चे उत्पादन १९४४ साली सुरू झाले. त्याच वर्षी, २२ ते २६ मार्च या दिवसांत, मणिपूरमधील सांगशक येथे ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडने जपानी फौजेला अडवून धरले. त्या ब्रिगेडबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. त्या पाच दिवसांनी इंफाळ आणि कोहिमाच्या बचावाला मोलाचा अवधी मिळवून दिला. हे जवान ज्या रायफली घेऊन लढले त्या लांब नळीच्या, जुन्या घडणीच्या ली-एनफिल्ड होत्या. त्यांच्या तोंडावर शंकू नव्हता, ब्रेक नव्हता, काहीच नव्हते. आखूड रायफल कारखान्यांतून पुरेशा संख्येने बाहेर पडेपर्यंत त्या आघाडीचा निकाल बहुतांशी लागला होता. मे १९४५ मध्ये रंगून परत हाती आले. नंबर ५ ची खरी ओळख झाली ती १९४८ नंतर, मलायाच्या रबरमळ्यांत आणि रानांत.

४/ म्हणजे ज्या विजयाचे श्रेय शंकूवाल्या रायफलीला दिले जाते, तो विजय बिनशंकूच्या रायफलींनी मिळवला होता. हे सांगणे एवढ्यासाठी आवश्यक आहे की शस्त्राच्या कौतुकात शस्त्र हातात धरणारा माणूस गाळला जातो. छायाचित्रातली रायफल देखणी आहे, म्हणून लढाई तिच्या नावावर जमा होते. सांगशकच्या टेकडीवर पाण्यावाचून लढलेल्या पलटणीला मात्र त्याच मथळ्यात जागा मिळत नाही.

५/ आता तिसरे विधान, धक्क्याचे. प्रचलित नंबर ४ रायफलीचे वजन सुमारे ४.१ किलो आणि लांबी १ मीटर १३ सेंटिमीटर होती. नंबर ५ मध्ये नळी ६४ सेंटिमीटरवरून सुमारे ४८ सेंटिमीटरवर आणली, पुढचे लाकूड छाटले, मधल्या पोलादी सांगाड्यातून जागोजागी धातू खरवडून काढला. बोल्टच्या मुठीचा गोळासुद्धा आतून पोकळ केला. वजन सुमारे ३.२ किलोवर आले. काडतूस मात्र तेच राहिले: .३०३, सुमारे ११.३ ग्रॅमची गोळी. लांब नळीतून ती सेकंदाला ७४४ मीटरच्या आसपास वेगाने सुटे. आखूड नळीतून थोड्या कमी वेगाने.

६/ न्यूटनच्या नियमाला रायफलीचे नाव ठाऊक नसते. गोळीला आणि वायूंना पुढे जितका संवेग मिळतो, तितकाच रायफलीला मागे मिळतो. रायफल जड असेल तर ती हळू मागे येते. हलकी असेल तर वेगाने येते. खांद्याला जाणवणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. आखूड नळीमुळे गोळीचा वेग थोडा घटला हे गृहीत धरले, तरी साध्या गणिताने नंबर ५ ची धक्क्याची ऊर्जा नंबर ४ पेक्षा सुमारे एक-पंचमांशाने जास्त येते. ती वापरणाऱ्या सैनिकांची तक्रारही नेमकी हीच होती: रायफल हलकी आहे, पण खांदा फोडते.

७/ मग शंकू कशासाठी होता? त्याचे उत्तर नळीच्या लांबीत आहे. गोळी नळीबाहेर पडते त्या क्षणी तिच्यामागे तप्त, अर्धवट जळालेले वायू दाबाखाली कोंडलेले असतात. नळी जितकी आखूड, तितका त्यांचा दाब तोंडाशी अधिक. बाहेर येताच हवेतला प्राणवायू त्यांना मिळतो आणि ते पुन्हा पेट घेतात. त्यातून नळीच्या तोंडाशी आगीचा गोळा दिसतो. दाट झाडीत, संध्याकाळी वा रात्री हा गोळा शत्रूला नेमबाजाची जागा दाखवतो आणि खुद्द नेमबाजाचे डोळेही काही काळ दिपवून टाकतो. शंकूचे काम एवढेच: वायूंना पसरायला आडोसा देऊन ती ज्वाळा थोडी शमवणे आणि थोडी झाकणे. इंग्रजीतही त्याचे नाव फ्लॅश हायडर, म्हणजे ज्वाळा झाकणारा. नावात धक्क्याचा उल्लेखसुद्धा नाही.

८/ इथे शंकूच्या भक्तांना न रुचणारी गोष्ट येते. पुढे रुंद होत जाणाऱ्या नरसाळ्यातून वायू वाहतात तेव्हा त्याच्या आतल्या तिरप्या भिंतींवर दाब पडतो. त्या भिंती पुढच्या दिशेला तोंड करून असतात. म्हणून त्यांच्यावरचा दाब शस्त्राला मागे ढकलतो. रॉकेटच्या शेपटाशी असलेले रुंदावणारे नळकांडे याच तत्त्वावर जोर वाढवते. म्हणजे असा शंकू धक्का कमी तर करीत नाहीच; केला तर त्यात किंचित भरच घालतो. छायाचित्राखालचा मथळा वस्तुस्थितीच्या नेमका उलट आहे.

९/ राहिली रबराची गादी. ती धक्क्यासाठीच होती, यात वाद नाही. पण ती दस्त्याच्या बुडापेक्षा अरुंद होती. तोच जोर कमी क्षेत्रावर पडला की टोचतो, हे कोणालाही समजेल. शिवाय काळाने रबर कडक होते. उपाय म्हणून बसवलेली वस्तू अशा रीतीने दुखण्याचाच भाग झाली. त्यात ‘आज जुळवलेला नेम उद्या सरकतो’ ही तक्रार वाढत गेली. तिचे कारण हलक्या केलेल्या सांगाड्यात आहे असे मानले गेले. १९४७ मध्ये उत्पादन थांबले.

१०/ यावर एक बचाव ऐकू येतो: ‘त्या काळी एवढे तंत्र कुठे होते?’ हा बचाव टिकत नाही. वायूंना बाजूला वा मागे वळवून धक्का घटवण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातच फ्रेंच तोफखान्यात त्र्यय द बोलिय या अधिकाऱ्याने तपासून पाहिली होती. १९२० च्या दशकात अमेरिकी मरीन अधिकारी रिचर्ड कट्स आणि त्यांच्या पुत्राने बनवलेला कॉम्पेन्सेटर थॉम्पसन सबमशीनगनच्या १९२८ च्या आवृत्तीवर बसला. आणि खुद्द ब्रिटिशांची १९३७ सालची बॉइज रणगाडाभेदी रायफल, .५५ इंच व्यासाची आणि सुमारे १६ किलो वजनाची, तोंडावर मझल ब्रेक घेऊनच जन्माला आली होती. ब्रेक काय करतो हे इंग्लंडला ठाऊक होते. नंबर ५ वर त्यांनी तो बसवला नाही, कारण त्यांच्यापुढचा प्रश्न निराळा होता. त्यांना ज्वाळा लपवायची होती. खांद्याची झळ सैनिकाने सोसायची होती.

११/ मझल ब्रेकचे गणितही नीट पाहिले पाहिजे, कारण त्याच्याविषयीही चमत्काराच्या कथा आहेत. बाहेर पडणाऱ्या वायूंना ब्रेकच्या आडव्या भिंती आपटतात आणि ते बाजूला वा तिरपे मागे वळतात. त्या आपटण्यातून शस्त्राला पुढे ओढ मिळते. परंतु एकूण धक्क्यातला वायूंचा वाटाच मर्यादित असतो; .३०३ सारख्या काडतुसात तो ढोबळमानाने चतुर्थांश. उरलेला वाटा गोळीचा आहे आणि गोळी तोवर निघून गेलेली असते. तिला कोणतेही यंत्र परत बोलावू शकत नाही. वायू मागे फेकून ब्रेक गोळीच्या वाट्याची काही भरपाई करतो, पण ‘धक्काच नाहीसा’ हे विधान भौतिकशास्त्रात बसत नाही. म्हणूनच जितकी दारू जास्त आणि गोळी हलकी, तितका ब्रेक अधिक उपयोगी ठरतो.

१२/ आणि ही भरपाई फुकट मिळत नाही. सोव्हिएत लष्कराने १९७४ मध्ये स्वीकारलेली एके-७४ हे उत्तम उदाहरण. ५.४५ मिलिमीटरचे छोटे काडतूस आणि तोंडावर मोठा, कोठडीदार ब्रेक. परिणामी रायफल आश्चर्य वाटावे इतकी शांतपणे खांद्यावर बसते. पण पुढे जाऊ पाहणारी स्फोटाची दाबलहर ब्रेकने बाजूला वळवलेली असते. तिचा तडाखा नेमबाजाच्या शेजारी आडवे पडलेल्या सैनिकाला बसतो. अमेरिकेतील बॅरेट एम-८२ या प्रचंड रायफलीच्या बाणासारख्या ब्रेकने .५० काडतुसाचा धक्का माणसाला सोसण्याजोगा केला. पण जमिनीलगत बार काढला की ती धुळीचा असा लोट उठवते की लपलेल्या नेमबाजाची जागा दुरून कळावी. खांदा वाचला, कान आणि आडोसा गेला.

१३/ कॉम्पेन्सेटर हा तिसरा प्रकार. त्याला मागच्या धक्क्याशी फारसे कर्तव्य नसते. नळीचे तोंड बारासरशी वर उसळते ती उसळी त्याला दाबायची असते. एकेएम रायफलीच्या टोकावरचा तिरपा छाट हे त्याचे सर्वांत साधे रूप. वायू एका बाजूला अधिक मोकळे सुटतात आणि नळीला विरुद्ध दिशेला दाबतात. अमेरिकी एम-१६ ची कहाणी तर जंगलाशी थेट जोडलेली आहे. व्हिएतनाममध्ये गेलेल्या सुरुवातीच्या रायफलींचा फ्लॅश सप्रेसर पुढून उघडा, तीन दातांचा होता. ज्वाळा तो चांगली मारे. पण वेली आणि काटक्या त्या दातांत अडकत. म्हणून टोक बंद केलेला पिंजरा आला. पुढे एम-१६ए२ मध्ये पिंजऱ्याच्या खालच्या फटीही बुजवल्या, म्हणजे धूळ उडू नये आणि तोंड कमी उसळावे. एकाच बोटभर तुकड्याला पुन्हा पुन्हा बदलावे लागले, कारण प्रत्येक वेळी सोडवलेला प्रश्न दुसरा प्रश्न सोबत आणत होता.

१४/ उरला सायलेन्सर. मराठी माणसाला हा शब्द मोटरसायकलमुळे ठाऊक आहे, आणि गंमत अशी की ही ओळख अगदीच परकी नाही. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकी अभियंत्याने १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळवले. मॅक्सिम मशीनगनचे जनक हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हे त्याचे वडील. एंजिनाच्या धुराड्याचा आवाज आणि बंदुकीचा आवाज दोन्ही कोंडलेल्या वायूंच्या एकाएकी सुटण्यातून येतात. दोन्हींवरचा इलाज एकच, त्यांना कोठड्यांतून फिरवून सावकाश सोडणे. आणि ज्या ‘बुलेट’च्या सायलेन्सरविषयी गल्लोगल्ली तक्रारी असतात, तिच्या कंपनीला एनफिल्ड हे नाव मिळाले ते एनफिल्डच्या सरकारी शस्त्रकारखान्याला सुटे भाग पुरवण्याच्या कंत्राटामुळे. ली-एनफिल्डचे नावही त्याच कारखान्याचे.

१५/ चित्रपटांनी सायलेन्सरचा आवाज मांजराच्या फिसकारण्याइतका करून ठेवला आहे. प्रत्यक्षात तो नळीच्या तोंडचा धमाका साधारण २० ते ३५ डेसिबलने उतरवतो. पण ध्वनीपेक्षा वेगाने धावणारी गोळी हवेत जो चाबकासारखा कडाका काढते, त्यावर त्याचा काहीही इलाज नाही. हे ज्यांनी खरोखर समजून घेतले त्यांनी दुसऱ्या महायुद्धात डी लायल कार्बाइन बनवली. खटका-बोल्टची यंत्रणा ली-एनफिल्डची, काडतूस .४५ पिस्तुलाचे, गोळी ध्वनीपेक्षा संथ, आणि नळीभोवती जाडजूड सायलेन्सर. ती खरोखर शांत होती. मात्र त्या शांततेसाठी रायफलीच्या काडतुसाचा पल्ला आणि जोर सोडून द्यावा लागला. अशा कार्बाइन जेमतेम सव्वाशेच्या आसपास बनल्या. जंगलातली खरी वैशिष्ट्यपूर्ण ‘कार्बाइन’ हवी असेल तर तिचे नाव घ्यावे. पण तिचे छायाचित्र तितके फिरत नाही.

१६/ आता या साऱ्या हिशेबात सर्वांत कमी मोजले गेलेले खाते: कान. एका क्षणाच्या आवाजाचे शिखर १४० डेसिबलच्या वर गेले की एकच बारदेखील श्रवणशक्तीला कायमची इजा करू शकतो. लष्करी रायफलीचा उघडा बार १५० च्या बराच वर असतो. नळी आखूड केली की तो वाढतो. ब्रेक बसवला की नेमबाजाच्या आणि शेजाऱ्याच्या कानाशी तो आणखी वाढतो. महायुद्धातल्या सामान्य पायदळ सैनिकाच्या कानांत संरक्षण म्हणून बहुधा काहीच नसे. खांद्यावरचा काळानिळा डाग आठवड्यात जातो. कानातली शिट्टी जन्मभर वाजत राहते. अमेरिकेच्या माजी सैनिकांत सेवेमुळे आलेल्या अपंगत्वांच्या यादीत कानातला सततचा नाद आणि बहिरेपणा आजही अग्रभागी आहेत.

१७/ म्हणून अलीकडचा बदल लक्षणीय आहे. अमेरिकी मरीन कोरने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या पायदळाच्या तुकड्यांना सरसकट सायलेन्सर देण्यास आरंभ केल्याचे जाहीर केले. २०२२ मध्ये अमेरिकी लष्कराने निवडलेली नवी रायफल सायलेन्सरसह वापरण्याच्याच कल्पनेने घडवलेली आहे. कारणे दोन: गोंगाटात हुकूम ऐकू यावेत, आणि सैनिक घरी परतल्यावर त्याला आपल्या माणसांचे बोलणे ऐकू यावे. सायलेन्सर ज्वाळा, धमाका आणि धक्का या तिन्हींवर काही ना काही इलाज करतो. किंमत त्यालाही आहे: टोकाकडचे वजन, वाढलेली लांबी, तापलेला धातू आणि स्वयंचलित रायफलीत नेमबाजाच्या तोंडावर परतणारा वायू. पण मॅक्सिमच्या पेटंटनंतर शंभराहून अधिक वर्षांनी ही किंमत मोजावीशी वाटली, कारण तोवर कान कोणी हिशेबात धरलाच नव्हता.

१८/ यावर काहींचा आक्षेप असेल: एका शंकूवरून एवढा वाद कशाला? मथळा चुकला तर चुकला. हा आक्षेप मान्य करता येत नाही. ‘शंकूमुळे धक्का कमी’ हे वाक्य केवळ माहितीची चूक नाही. रायफलीच्या टोकाला काही बसवले म्हणजे शस्त्र सर्व बाजूंनी सुधारले, या भाबड्या श्रद्धेची ती खूण आहे. त्या श्रद्धेत तक्रार करणारा सैनिक खोटा ठरतो. शस्त्र सुधारले होते ना, मग त्याचा खांदा का दुखावा? त्याचे कान का जावेत? दस्तऐवजातली त्याची तक्रार ‘किरकोळ’ म्हणून बाजूला सारली जाते आणि कारखान्याचे वर्णनपत्र इतिहास म्हणून उरते.

१९/ शस्त्रांचा इतिहास वाचणाऱ्या तरुणांनी म्हणून एक सवय लावून घ्यावी. नळीच्या तोंडावर कोणतेही लोखंड दिसले की प्रथम विचारावे: याने काय लपवले, काय वळवले, काय सावकाश सोडले? मग विचारावे: वळवलेले ते गेले कुणाकडे? ज्वाळा झाकली तर धक्का कुणी घेतला? धक्का घटवला तर धमाका कुणाच्या कानावर गेला? धमाका घटवला तर वजन कुणी वाहिले? वायू तेवढेच असतात आणि गोळी तीच असते. बदलते ती फक्त झळ बसणाऱ्याची जागा.

२०/ आणि त्या छायाचित्राखालचा मथळा पुन्हा समोर आला, तर तिथे दुरुस्ती जरूर लिहावी. ‘रायफल नंबर ५, उत्पादन १९४४ ते १९४७. शंकू ज्वाळा झाकण्यासाठी. धक्का नंबर ४ पेक्षा जास्त. मुख्य वापर मलाया. सांगशकला मराठा पलटण लढली ती जुन्या, लांब, उघड्या तोंडाच्या रायफली घेऊन.’ मथळा थोडा लांबेल. पण त्यात शस्त्राबरोबर माणसेही येतील.